सैल पट्ट्याचं शहाणपण

सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि कित्येक दिवस शहराच्या मोठ्या भागात मुक्कामाला राहिलं. ते ओसरल्यावर गल्लोगल्ली जे ढीग लागले, त्यांत गाद्या आणि भिजलेल्या धान्याच्या शेजारी फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, पंखे आडवेतिडवे पडलेले होते. पुराइतका निष्ठुर परीक्षक घरगुती यंत्रांना दुसरा नाही. तो कंपनी बघत नाही, किंमत बघत नाही, हप्ते फिटलेत की नाही तेही बघत नाही. काय उघडून धुता येतं आणि काय येत नाही, एवढाच त्याचा प्रश्न. साध्या छताच्या पंख्याची मोटर चिखलातून निघाली तरी ती उघडता येते, स्वच्छ पाण्याने धुता येते, मंद आचेच्या भट्टीत सुकवता येते, मेगर लावून वाइंडिंगचा विद्युतरोध पाहता येतो, लागलंच तर पुन्हा वार्निश पाजता येतं. चावीच्या टायमरवर चालणारं दोन टबांचं जुनं वॉशिंग मशीनही बहुतेकदा असंच परत येतं. बटणांना हात लावताच गाणं म्हणणारं नवं मशीन मात्र पाणी आत असताना वीज लागली की आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डासकट जातं, आणि त्या मॉडेलचं कार्ड मिळेनासं झालेलं असेल तर उरलेला धडधाकट सांगाडाही भंगारात जातो. गंमत म्हणजे त्याच ढिगातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर, म्हणजे यंत्रातला सर्वांत महागडा अवयव, पुष्कळदा शाबूत असतो. तो वेल्डिंग केलेल्या लोखंडी डब्यात बंद असतो; पाण्याला आत वाटच नसते. जातात ती त्याच्या अंगावरची रिले आणि ओव्हरलोडची टोपी, आणि त्या तुलनेने किरकोळ किमतीच्या वस्तू आहेत.

यातून दिसतं ते असं, की घरगुती यंत्र ही एक वस्तू नसून वेगवेगळ्या वयाच्या भागांचं एकत्र कुटुंब असतं. एकाच फ्रिजमध्ये दारावरचं रबर सात वर्षांत म्हातारं होतं, कपॅसिटर त्याच सुमारास कमजोर पडतो, पत्र्याचा सांगाडा तीस वर्षं टिकतो आणि तांब्याच्या तारेचं वय सांगणं कठीण. आपण मात्र कुटुंबातलं एक माणूस आजारी पडलं की सगळ्या घरालाच निरोप देतो. या प्रकरणात मांडायचा मुद्दा असा की जुन्या यंत्रात दुसऱ्या जुन्या यंत्राचा भाग बसवून त्याला नवं काम देणं ही गरिबीची तडजोड नाही, ते एक तपासता येण्याजोगं ज्ञान आहे. आणि त्याची कसोटी दोन प्रश्नांवर लागते. भाग बसवण्याआधी तपासता येतो का? आणि तयार झालेलं यंत्र वर्षाला किती तास चालणार आहे? भाग नवा की जुना, हा प्रश्न या दोन्हींनंतरचा.

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात हे ज्ञान आलं कुठून, हे पाहिलं तर त्याला ‘जुगाड’ हा उसना शब्द किती अपुरा पडतो ते कळतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनजवळ कारखाना घातला आणि लोखंडी नांगर ओतायला घेतले. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावर पडून असलेल्या जुन्या तोफा त्यांना वितळवायला दिल्या. तोफेचा नांगर झाला, हे ऐकायला छान वाटतं. पण ओतारीला त्यातली अडचण ठाऊक असते. अनोळखी लोखंड मुशीत घातलं की त्यात काय मिसळलेलं आहे ते आधी ओळखावं लागतं, नाहीतर फाळ पहिल्याच दगडावर तडकतो. भंगाराच्या कामातली मुख्य मेहनत वितळवण्यात किंवा जोडण्यात नसते, माल ओळखण्यात असते. साताऱ्याच्या बाजूला धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातून नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं बाहेर पडली. नंतर कृष्णाकाठी उसासाठी पाणी उचलणाऱ्या विजेच्या मोटरी आल्या आणि त्यांच्याबरोबर कमी दाबाची वीजही आली. दाब पडला किंवा तीन फेजांपैकी एक गेला की मोटर जळते. जळलेली मोटर हंगामात आठ दिवस बंद ठेवून चालत नाही. ऊस वाट पाहत नाही. म्हणून कराड, विटा, तासगाव, पलूस अशा गावांत रिवायंडिंगची दुकानं उभी राहिली, आणि त्यांच्यामागे मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींतले लेथ. पंपाच्या मोटरीवर तयार झालेला हात मिक्सरच्या आर्मेचरवर सहज चालतो. मिरजेत तंबोरे आणि सतारी करणारी घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणाऱ्यांची. तलवारी गेल्या आणि तोच हात भोपळ्याच्या तुंब्याकडे वळला. कौशल्य वस्तूला चिकटलेलं नसतं, हे या भागाने विजेच्या कितीतरी आधी पाहिलं होतं.

आता एक प्रत्यक्ष काम घेऊ: शेवयांचं हाताने फिरवायचं बिडाचं यंत्र आणि निकामी वॉशिंग मशीनमधून काढलेली मोटर. चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, सांडगे आणि शेवया ही उन्हाळी कामं निघतात. हे यंत्र वर्षातून फार तर महिनाभर बाहेर येतं, मग पुन्हा माळ्यावर जातं. त्याच्यासाठी नवी मोटर विकत घेणं कुणाच्याच हिशेबात बसत नाही. भंगारातली मोटर नेमकी अशा वेळी कामाची.

दोन टबांच्या मशीनमध्ये दोन मोटरी असतात. कपडे धुणारी मोटर काही सेकंद उजवीकडे फिरते, थांबते, मग डावीकडे. यासाठी तिच्या पोटात दोन अगदी सारखी वाइंडिंग्ज असतात आणि बाहेर तीन वायरी येतात. कपॅसिटर एका वाइंडिंगच्या वाटेत घातला की मोटर एकीकडे फिरते, दुसऱ्याच्या वाटेत घातला की उलटी. तीन वायरींतली सामाईक कुठली, हे मल्टिमीटरने मिनिटभरात कळतं: ज्या दोन वायरींमध्ये विद्युतरोध सर्वांत जास्त दिसतो त्या दोन टोकांच्या, उरलेली सामाईक. (ताक घुसळताना रवीची दोरी एकदा इकडे, एकदा तिकडे ओढली जाते, हे आठवलं तर या मोटरीला रवीचं काम शिकवावं लागत नाही हे लक्षात येईल. ती जन्मजात घुसळणारीच.) शेवयांना मात्र एकाच दिशेचा फेर हवा, म्हणून टायमर काढून टाकायचा आणि कपॅसिटर एका बाजूला कायमचा जोडायचा.

ताकदीचा हिशेब सोपा आहे. माणसाचा हात सलग काम करताना साधारण ५० ते ७५ वॅट देतो. या मोटरीची शाफ्टवरची ताकद १५० वॅटच्या आसपास असते. म्हणजे ताकद पुरून उरते, अडचण गतीची. हाताने यंत्र मिनिटाला पन्नास-साठ फेरे घेतं, मोटर सुमारे चौदाशे. दोन इंची पुलीवरून दहा इंची पुलीवर पट्टा घातला की गती पाचपट उतरते. असे दोन टप्पे केले की पंचवीसपट, म्हणजे ५६ फेरे. इथवर गणित कोणीही करील. खरी गोष्ट पुढे आहे. गती पंचवीसपट उतरली की पीळ तेवढाच चढतो. १५० वॅट ५६ फेऱ्यांवर आणले तर अक्षावर सुमारे २५ न्यूटन-मीटरचा पीळ येतो. अर्ध्या फुटाच्या दांड्याच्या मुठीवर सतरा किलोचं वजन टांगावं तसा. हाताने फिरवताना पीठ घट्ट झालं, खडा आला किंवा बोट गेलं तर हात आपोआप थांबतो. हाताला कळतं. मोटरीला कळत नाही.

म्हणून जाणते फिटर अशा कामात दुसऱ्या टप्प्याचा पट्टा मुद्दाम सैल ठेवतात. नवशिक्याला तो दोष वाटतो. घसरणारा पट्टा म्हणजे वाया जाणारी ताकद, असं पुस्तकही सांगतं. पण इथे घसरणं हाच पट्ट्याचा खरा उपयोग. ठरावीक पिळापलीकडे पट्टा पुलीवर घसरला पाहिजे, म्हणजे बिडाचा दात तुटण्याआधी आणि माणसाचं बोट मोडण्याआधी यंत्र नुसतंच चीं चीं करत उभं राहतं. हाताकडे जी समज होती ती काढून घेतल्यावर दुसऱ्या कुठल्या तरी भागात ती परत घालावी लागते, आणि या यंत्रात ती सैल पट्ट्यात घातलेली असते. जोडीला पीठ ढकलायला लाकडी दट्ट्या आणि पट्ट्यांवर जाळीचं झाकण. ज्या कारागिराने गिअरची पेटी थेट शाफ्टला जोडली त्याचं काम देखणं दिसेल, पण यंत्र वाईट. शिवाय बटण कुठे बसवायचं हे यंत्र चालवणाऱ्या बाईला विचारून ठरवावं. हे वाक्य लिहावं लागतं, कारण यंत्र करणारे बहुतेक पुरुष असतात आणि बटण पुष्कळदा त्यांच्या उंचीला, त्यांच्या उजव्या हाताला लागतं. बाई पाटावर बसून काम करते.

या मोटरीची एक मर्यादाही ओळखायला हवी. वॉशिंग मशीनमध्ये ती थांबत-थांबत चालते; सलग तासभर चालवली तर तापते. वाइंडिंगच्या विद्युतरोधक थराबद्दल जुना ठोकताळा असा की ठरलेल्या मर्यादेपेक्षा तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. वीस मिनिटं काम, दहा मिनिटं विसावा असं चालवलं तर ती कित्येक उन्हाळे काढील. याच मोटरीवर कुणी पिठाची गिरणी चालवायला निघाला तर मात्र त्याला थांबवायला हवं. घरघंटीला एक अश्वशक्ती, म्हणजे ७४६ वॅट लागतात. दीडशे वॅटच्या मोटरीकडून ते होणार नाही. मिक्सरची मोटरही यासाठी निरुपयोगी. कार्बन ब्रशांवर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेणारं ते तापट जनावर आहे, थोडा वेळ धावायला जन्मलेलं. छताच्या पंख्याची मोटर याउलट संथ, पण अंगात जोर नाही. भंगाराच्या दुकानात या तिघी शेजारी-शेजारी पडलेल्या असतात आणि वजनावर एकाच भावाने जातात. त्यांच्यातला फरक जो ओळखतो त्याला तिथे माल मिळतो, बाकीच्यांना नुसतं लोखंड.

दुसरं काम फ्रिजचं, आणि ते अधिक विचार करायला लावणारं. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा एकदारी फ्रिज गार करणं सोडून देतो. त्यात दुसऱ्या फ्रिजचा चालू कॉम्प्रेसर घालून तो पुन्हा फ्रिज करावा का? इथे पहिल्या कसोटीचं उत्तर ‘हो’ येतं, कॉम्प्रेसर तपासता येतो. दुसऱ्या कसोटीवर बेत फसतो. फ्रिज वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास लावलेला असतो. दबलेला फोम आणि सैल गॅस्केट असलेला जुना फ्रिज दिवसाला दीड युनिट सहज खातो; आजचा तेवढाच नवा फ्रिज अर्ध्या युनिटाच्या आसपास भागवतो. वर्षाला ३६५ युनिटांचा फरक पडतो, आणि दरवर्षी पडत राहतो. दुरुस्तीच्या बाजूने कितीही मन ओढ घेत असलं तरी या फ्रिजला फ्रिज म्हणून वाचवण्यात अर्थ नाही.

पण त्याची पेटी? ती म्हणजे चार सेंटिमीटर फोमच्या भिंतींचं, चुंबकी रबराने बंद होणारं कपाट. फोमला आत थंडी आहे की ऊब याच्याशी देणंघेणं नसतं. तो फक्त उष्णतेची वाट अडवतो. म्हणून गावठी कोंबड्या पाळणारे अशा फ्रिजचं उबवणी यंत्र करतात. अंड्यांना २१ दिवस ३७.५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पहिले अठरा दिवस हवेत ५५-६० टक्के दमटपणा आणि शेवटच्या तीन दिवसांत त्याहून जास्त. शिवाय अठराव्या दिवसापर्यंत अंडी रोज अनेकदा फिरवावी लागतात. १६५ लिटरच्या पेटीतून, बाहेर २२ अंश असताना, भिंतींवाटे होणारी गळती साधारण २५ वॅट निघते. साताऱ्याच्या कडक थंडीत ती चाळिसापर्यंत जाईल. चाळीस वॅटचे दोन साधे बल्ब थर्मोस्टॅटवर बसवले की काम झालं; निम्म्याहून अधिक वेळ ते विझलेलेच राहतात. आतली हवा फिरवायला जुन्या संगणकाच्या डब्यातला बारा व्होल्टचा पंखा, त्याला वीज द्यायला बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर, आणि अंड्यांचा ट्रे हलवायला मायक्रोवेव्हच्या काचेच्या ताटाखालची छोटी मोटर, जी मिनिटाला पाच-सहा फेरेच घेते. दारातला अंड्यांचा कप्पा मात्र इथे कुचकामाचा; तिथलं तापमान सर्वांत लहरी.

या यंत्रातल्या चुका शिकण्यासारख्या आहेत. पहिली, फ्रिज फार चांगला बंद होतो. अंड्यातल्या जिवाला प्राणवायू लागतो, म्हणून वर आणि खाली भोकं पाडावीच लागतात. दुसरी, फ्रिजचाच जुना थर्मोस्टॅट वापरण्याचा मोह; तो थंडीच्या टप्प्यासाठी घडवलेला असतो, उबेच्या टप्प्यात त्याला काही समजत नाही. तिसरी अधिक सूक्ष्म. वीज गेली तरी फोम ऊब धरून ठेवील, असा समज असतो. फोम गळती कमी करतो, साठा करत नाही. साठा करतं ते पाणी. दहा लिटर पाणी एका अंशाने निवताना जेवढी उष्णता सोडतं, तेवढ्यात २५ वॅटची गळती जवळजवळ अर्धा तास भागते. म्हणून खालच्या कप्प्यात पाण्याने भरलेल्या बाटल्या मांडून ठेवायच्या. भारनियमनाच्या दोन तासांत पेटी तीनेक अंश उतरेल, फार तर चार. कोंबडीसुद्धा दाणे टिपायला खुराड्यातून उठतेच.

आणि एक चूक मुळीच करायची नाही. पेटी रिकामी करताना नळी कापून गॅस हवेत सोडायचा नाही. फार जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ असतो, जो ओझोनचा थर खातो आणि ज्याचा नवा वापर १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराखाली भारतात २०१० पर्यंत थांबवला गेला. त्यानंतरच्या फ्रिजमधला आर-१३४ए ओझोनला निरुपद्रवी, पण वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट. म्हणजे सव्वाशे ग्रॅम गॅस सोडणं हे पावणेदोनशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं. हल्लीच्या फ्रिजमधला आर-६००ए तर चक्क ज्वालाग्राही. हे काम गॅस काढून भरून घेणाऱ्या मेकॅनिककडेच द्यायचं. त्याचे पैसे वाचवून जी पेटी तयार होते, तिला काटकसर म्हणता येत नाही. खर्च गावावर टाकलेला असतो.

आक्षेपांपैकी विजेचा आक्षेप सर्वांत वजनदार, आणि तो अर्धा मान्य करायला हवा. फ्रिजचं पाहिलंच. पंख्याचंही तसंच. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी तीस-बत्तीस. दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर दीडशेहून अधिक युनिट वाचतात. युनिटला आठ रुपये धरले तरी बाराशे रुपयांच्या वर. पंख्यांना २०२३ च्या आरंभापासून तारांकन सक्तीचं झालं ते उगाच नव्हे. अशा पंख्याचं वाइंडिंग जळलं तर पाती, दांडी, वाटी ठेवून आत बीएलडीसी मोटर बसवणं हा सुधारणेचा खरा मार्ग. जुनं वाइंडिंग पुन्हा भरणं हा हट्ट. पण हाच तर्क शेवयांच्या यंत्राला लावला की तो कोसळतो. मोटर ३०० वॅट खेचते आणि साऱ्या उन्हाळ्यात वीस तास चालते. एकूण सहा युनिट. तिच्या जागी दुप्पट कार्यक्षम मोटर आणली तर तीन युनिट वाचतील, आणि ती नवी मोटर घडवायला लागलेलं तांबं, पोलाद आणि वीज त्या तीन युनिटांतून भरून यायला पिढ्या जातील. जे यंत्र अखंड चालतं त्याचं मोल त्याच्या भुकेवर ठरवावं. जे क्वचित चालतं त्याचं मोल ते घडवण्यात काय खर्ची पडलं त्यावर. सरसकट जुनं टाका म्हणणारे आणि सरसकट जुनं वाचवा म्हणणारे, दोघेही हा फरक पुसतात.

सुरक्षेचा आक्षेप दुसरा. इथे देवराष्ट्र्याचं उदाहरण पाहण्यासारखं. यशवंतराव चव्हाणांच्या या जन्मगावी दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली. खर्च सुमारे साठ हजार. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिची जाहीर वाखाणणी केली आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. महिनाभरात ती दिलीही. कौतुकाच्या गदारोळात महिंद्रांचं एक म्हणणं मागे पडलं: ही गाडी नियमांत बसत नाही, तेव्हा आज ना उद्या अधिकारी तिला रस्त्यावरून हटवतील. म्हणजे कल्पकतेला दाद आणि वापराला नकार, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही योग्य. रस्त्यावरच्या गाडीला निदान आरटीओ आहे. घरात जोडलेल्या यंत्राला तोही नाही. आयएस ३०२ हे घरगुती उपकरणांच्या सुरक्षेचं मानक कारखान्यातून निघणाऱ्या मालासाठी, माळ्यावरच्या जोडणीसाठी नव्हे. त्यामुळे इथे शिस्त जोडणाऱ्यालाच पाळावी लागते. काही भाग जुने घ्यायचेच नाहीत: कपॅसिटर, वायर, प्लग, बेअरिंग, थर्मल फ्यूज. हे स्वस्त असतात, झिजतात, आणि बाहेरून बघून त्यांचं वय कळत नाही. बेअरिंगच्या बाबतीत तर जुनं घेण्याला काही कारणच नाही. ६२०३ हा आकडा वाचला की आतलं भोक १७ मिलिमीटर आणि बाहेरचा व्यास ४०, हे सांगलीत आणि स्वीडनमध्ये सारखंच. अंग पत्र्याचं असेल तर अर्थिंग पक्कं हवं आणि घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी हवं. बल्ब प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटून असता कामा नये. फ्रिजची पेटी टाकून द्यायची असेल तर दार काढूनच टाकायची. बाहेरून कडी लागणाऱ्या जुन्या फ्रिजमध्ये मुलं कोंडून मेली म्हणून अमेरिकेला १९५६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला होता. आणि मायक्रोवेव्हच्या ताटाखालची मोटर खुशाल घ्यावी, पण त्याच्या आतल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला हात लावू नये. तो दोन हजार व्होल्ट देतो. लाकडावर विजेची नक्षी जाळण्याच्या नादात जगभर अनेकांनी त्याच्यापायी जीव गमावला आहे. तपासता येतो, तरीही घेऊ नये, असा हा एक भाग.

तिसरा आक्षेप जरा अवघड जागी बोट ठेवतो. हे सगळं नाइलाजाचं कौतुक नाही का? ज्याला नवं घेता येत नाही त्याच्या खटपटीला ज्ञान म्हणायचं, आणि स्वतः मात्र दुकानातून घ्यायचं? आक्षेपातला उपरोध खरा आहे; आणि गावगाड्यात दुरुस्ती हे लोहार-सुतारांच्या जन्मावर लादलेलं काम होतं, त्याला सुगीत मिळणारा बलुत्याचा वाटा पुष्कळदा तुटपुंजा होता, हेही विसरून चालणार नाही. पण ज्ञान कुणाच्या नाइलाजातून जन्मलं यावरून ते ज्ञान आहे की नाही हे ठरत नाही. याच सातारा जिल्ह्यात त्याचा दाखला कंदिलाच्या रूपाने मिळतो. कराडजवळच्या ओगलेवाडीत होणारा प्रभाकर कंदील घराघरांत गेला, आणि काच फुटली की काच, वात सरली की वात बदलत तो वर्षानुवर्षं चालला. पुढे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी दाबावर चालणाऱ्या कंदिलाला प्रयोगशाळेत घेतलं, त्याचा उजेड मोजला, त्यातून ‘नूरी’ कंदील आणि नंतर ‘लॅनस्टोव्ह’ आला. मॅन्टलच्या कंदिलात इंधनाचा बहुतेक भाग उष्णता होऊन जातो. मग त्याच उष्णतेवर स्वयंपाक का करू नये, हा त्यामागचा विचार. भारताबाहेर शिकून आलेल्या इंजिनिअरने मोजमाप घेऊन जुन्या वस्तूला नवं काम दिलं तर ते संशोधन, आणि पलूसच्या फिटरने पट्टा किती सैल ठेवायचा हे बोटाने दाबून ठरवलं तर तो जुगाड, हा भेद मोजमापाच्या नोंदीपुरताच खरा आहे. फिटरने नोंद ठेवली तर तोही मिटेल.

नोंद ठेवणं कंपन्यांनी अवघड केलं आहे, हेही म्हणायला हवं. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणं सक्तीचं केलं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये याच हक्कासाठी समिती नेमली आणि वर्ष सरता-सरता संकेतस्थळ काढलं. त्यावर कंपन्यांनी माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे, पण फिटरला खरी गरज असते ती एका कागदाची. दोन टबांच्या जुन्या वॉशिंग मशीनची मागची पाटी उघडली की आतल्या बाजूला तो चिकटवलेला सापडतो: कुठली वायर कुठल्या रंगाची, टायमरचं कुठलं टोक कुठे, कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा. नव्या मशीनमध्ये बहुधा त्या जागी कोरं प्लॅस्टिक असतं. शेवयांच्या यंत्राला मोटर बसवणाऱ्याने स्वतः तसा कागद लिहून झाकणाच्या आत चिकटवावा. मोटर कुठल्या मशीनची, सामाईक वायर कुठली, कपॅसिटर केवढा आणि कुठल्या साली घातला, वीस मिनिटांनंतर दहा मिनिटं विसावा, आणि दुसरा पट्टा मुद्दाम सैल ठेवला आहे, ताणू नये.